पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच राहते

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. घरातील सहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप संगणक, दिवसभर वीज नसल्यानंतर दुसऱ्या दिवशी सुरू करायला गेल्यावर, त्याचा दिवा लागतो, पंखे फिरतात, पण मॉनिटरवर ‘सिग्नल नाही’ एवढीच सूचना येते आणि बीपचा आवाजही होत नाही, असे आपण कळवले आहे. त्याआधीचे काही आठवडे काम करताना मध्येच निळी स्क्रीन येऊन संगणक आपोआप पुन्हा सुरू होत असे, आणि भिंतीवरचे बटण रात्रभर बंद ठेवले की सकाळी घड्याळ जुनीच तारीख दाखवत असे, या दोन गोष्टी आपण पत्राच्या शेवटी ओघात लिहिल्या आहेत. संगणकात मुलीचा जवळजवळ पूर्ण झालेला प्रबंध आणि अनेक वर्षांची छायाचित्रे आहेत. एका परिचितांनी ‘मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी) गेला, नवा घ्या’ असे सांगितले, दुसऱ्यांनी ‘फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका’ असे सुचवले, आणि यांपैकी कोणाचे ऐकावे, असा आपला प्रश्न आहे.

दुसरा सल्ला कृपया पूर्णपणे बाजूला ठेवावा. आपला संगणक विंडोजपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे विंडोज नव्याने टाकून हा बिघाड दूर होणे शक्य नाही, उलट त्या प्रयत्नात प्रबंध मात्र पुसला जाऊ शकतो. मदरबोर्डबद्दलचा पहिला सल्ला बरोबर ठरण्याची शक्यता आहे, पण तो निष्कर्ष सर्वांत शेवटी काढण्याचा आहे. आपण सांगितलेल्या खुणांवरून माझा पहिला संशय रॅमवर (काम चालू असताना माहिती तात्पुरती धरणाऱ्या पट्ट्यांवर), दुसरा सीमॉसच्या (संगणकाचे घड्याळ आणि सुरुवातीची सेटिंग्ज सांभाळणाऱ्या भागाच्या) बॅटरीवर आणि तिसरा एसएमपीएसवर (सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर) जातो. असे का, हे समजण्यासाठी बटण दाबल्यापासून काय काय घडते, ते आधी पाहू.

बटण दाबले की मदरबोर्ड एसएमपीएसला चालू होण्याचा संकेत देतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे प्रवाह सुरू करतो आणि ते स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘वीज ठीक आहे’ असा उलट संकेत मदरबोर्डला पाठवतो. तो मिळाल्यावरच प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या चिपमधील बायोस हा सुरुवातीचा प्रोग्रॅम वाचू लागतो. बायोस रॅम तपासतो, ग्राफिक्सची व्यवस्था उभी करतो, आणि तेव्हा कुठे मॉनिटरवर पहिले चित्र उमटते. त्यानंतर तो डिस्क शोधतो, तिच्यावरील बूट लोडरकडे, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमकडे, सूत्रे सोपवतो, आणि विंडोजची पाळी सर्वांत शेवटी येते. पंखे फिरण्यासाठी यांपैकी फक्त पहिली पायरी पार पडावी लागते. म्हणून ‘पंखा फिरतो, म्हणजे वीजपुरवठा उत्तम आहे’ हा समजही चुकीचा आहे आणि ‘पंखा फिरतो पण चित्र नाही, म्हणजे मदरबोर्ड गेला’ हाही. आपला संगणक पहिल्या पायरीनंतर आणि पहिल्या चित्राच्या आधी कुठेतरी अडतो आहे, एवढेच आज खात्रीने म्हणता येते.

प्रबंधाबद्दलची आपली काळजी मी समजू शकतो, म्हणून त्याविषयी आधी लिहितो. फायली हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतात. मदरबोर्ड, रॅम किंवा एसएमपीएस निकामी झाल्याने त्या नाहीशा होत नाहीत. अशा काळ्या स्क्रीनच्या तक्रारीत डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून, योग्य यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडून फायली उतरवून घेता येतात, आणि प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी हेच करावे, असे मी आग्रहाने सुचवेन. मात्र एक गोष्ट तपासावी. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कवरील फायली कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल, तर दुसऱ्या संगणकावर ती डिस्क ४८ अंकी रिकव्हरी की मागेल, आणि बायोसची सेटिंग्ज बदलल्यावर आपल्या स्वतःच्या संगणकावरही ती मागितली जाऊ शकते. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल, तर ही की बहुधा त्या खात्यात जतन झालेली असते. मोबाइलवरून खाते उघडून ती आजच कागदावर उतरवून घ्यावी.

आता कॅबिनेट न उघडता करण्याच्या गोष्टी. मॉनिटर दुसऱ्या एखाद्या उपकरणाला जोडून तो स्वतः ठीक आहे याची खात्री करावी, त्याच्या मेनूत योग्य इनपुट निवडलेला आहे का ते पाहावे आणि केबल बदलून पाहावी. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्या कार्डाला जोडलेली हवी. मदरबोर्डच्या पोर्टला जोडलेली असल्यास पुष्कळदा काहीच दिसत नाही. साफसफाई करताना ही केबल चुकीच्या जागी जाणे फार सहज घडते. त्यानंतर कीबोर्ड आणि मॉनिटर वगळता प्रिंटर, पेनड्राइव्ह, वेबकॅम असे सर्व काही काढून ठेवावे, कारण बिघडलेले एखादे यूएसबी उपकरणही संगणकाला सुरुवातीलाच अडवू शकते. मग संगणक सुरू करून मिनिटभर थांबावे आणि नमलॉकची कळ दाबून पाहावी. कीबोर्डवरचा दिवा कळीसरशी लागत-विझत असेल, तर संगणक जिवंत आहे आणि फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. शोध लगेच ग्राफिक्स आणि केबलपुरता मर्यादित होतो. दिवा लागत-विझत नसेल, तर अडचण त्याच्या आधीची आहे. या साध्या परीक्षेला काही खर्च नाही आणि तिच्यामुळे अर्धा शोध वाचतो, तरी ती क्वचितच कोणी करते.

एवढ्याने काही हाती लागले नाही, तर कॅबिनेट उघडावे लागेल. त्याआधी भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढावी आणि संगणकाचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जातो. कधीकधी एवढ्यानेच, वीज जाऊन आल्यावर अडकलेला संगणक सुरू होतो. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा आणि काम करताना तो अधूनमधून पुन्हा करावा, कारण अंगावरच्या स्थिर विजेचा, आपल्याला जाणवणारही नाही इतका लहानसा झटका रॅमला निकामी करू शकतो. नायलॉनच्या गालिच्यावर उभे राहून हे काम करू नये.

रॅमकडे मी सर्वांत जास्त लक्ष देण्यास सांगतो आहे, त्याचे कारण आपल्याच पत्रात आहे. ज्या संगणकाचा मदरबोर्ड एका वीजखंडाने अचानक जातो, तो आदल्या दिवसापर्यंत सहसा नीट चाललेला असतो. आपला संगणक मात्र आधीच काही आठवडे निळी स्क्रीन दाखवत होता. निळी स्क्रीन सदोष ड्रायव्हरमुळेही (एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅममुळेही) येते, पण ती वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळे काम करताना येत असेल आणि त्यापाठोपाठ असा पूर्ण नकार येत असेल, तर रॅम किंवा तिचा स्लॉटमधील संपर्क सैल होत गेल्याची शक्यता मोठी असते. धूळ, दमटपणा आणि तापणे-थंड होणे यांमुळे सहा वर्षांत हा संपर्क बिघडणे अगदी स्वाभाविक आहे.

रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्या उघडून पट्ट्या सरळ वर काढाव्यात. काही मदरबोर्डवर एकाच टोकाला खिटी असते. सोनेरी संपर्कांना बोट लावू नये. ते पुसण्यासाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेले, धागे न सुटणारे कापड वापरावे. अनेक कारागीर खोडरबराने संपर्क घासतात आणि त्याने काम होतेही, परंतु खोडरबर सोनेरी मुलामा थोडा थोडा खरवडतो आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडला तर नवीच अडचण उभी राहते, म्हणून मी तो सुचवत नाही. स्लॉटमधील धूळ कोरड्या, मऊ ब्रशने झटकावी. तोंडाने फुंकर मारू नये, कारण श्वासातील ओलावा आत जातो.

त्यानंतर एकच पट्टी बसवून संगणक सुरू करावा. चार स्लॉट असलेल्या बहुतेक मदरबोर्डवर एका पट्टीसाठी प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट योग्य असतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत तो दिलेला असतो. पट्टीची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवून, खिटी आपोआप बंद होईपर्यंत दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. अर्धवट बसलेली पट्टी वरून पाहता पूर्ण बसल्यासारखीच दिसते, आणि आपल्या तक्रारीसारख्या कितीतरी तक्रारींचे मूळ तेवढेच असते. एका पट्टीने संगणक सुरू झाला नाही, तर तिच्या जागी दुसरी, मग स्लॉट बदलून, असे प्रत्येक जोडीने पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत लिहावा. तीन बदल एकदम केले आणि संगणक सुरू झाला, तर बिघाड नेमका कशात होता हे कळत नाही, आणि महिन्याभराने तोच बिघाड परतला की सगळे पहिल्यापासून करावे लागते.

आपल्याला बीप ऐकू येत नाही, याचा अर्थ लावण्याआधी मदरबोर्डला बीपसाठीचा छोटा स्पीकर जोडलेला आहे का ते पाहावे. अलीकडच्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो नसतोच, आणि मग शांततेवरून काहीच सिद्ध होत नाही. हा स्पीकर सहज मिळतो. तो मदरबोर्डच्या ‘स्पीकर’ लिहिलेल्या पिनांवर बसवून आणि सर्व रॅम काढून संगणक एकदा सुरू करावा. मदरबोर्ड आणि प्रोसेसर शुद्धीवर असतील, तर रॅम नसल्याची तक्रार ते बीप वाजवून करतील. असा बीप ऐकू आला, तर ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान बहुतांशी खोटे ठरते. काही मदरबोर्डवर स्पीकरऐवजी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. संगणक ज्या पायरीवर अडतो, तो दिवा लागलेला राहतो. कॅबिनेट उघडल्यावर सर्वांत आधी हे दिवे शोधावेत.

आता घड्याळाविषयी. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ चालते ठेवणे, आणि पुष्कळ मदरबोर्डवर बायोसची सेटिंग्ज टिकवणे, हे तिचे काम असते. भिंतीवरचे बटण चालू असते तोपर्यंत एसएमपीएसचा ५ व्होल्टचा स्टँडबाय प्रवाह हे काम सांभाळतो, त्यामुळे बॅटरी संपलेली असली तरी महिनोन्महिने कळत नाही. आपल्याकडे बटण रात्रभर बंद ठेवल्यावर तारीख मागे जात होती, म्हणजे बॅटरी संपत आलेली आहे, आणि दिवसभराच्या वीजखंडात सेटिंग्ज पुसली गेली किंवा अर्धवट बिघडली, असे मानायला आधार आहे. बॅटरी संपल्याने संगणक अजिबात सुरू न होणे विरळाच. तरी बिघडलेली सेटिंग्ज त्याला अडवू शकतात. म्हणून बॅटरी बदलावी. वायर काढलेली असताना जुनी बॅटरी काढून काही मिनिटे थांबावे, किंवा पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे सीमॉस साफ करण्याच्या दोन पिना क्षणभर जोडाव्यात, आणि मग नवी बॅटरी छापील बाजू वर ठेवून बसवावी. हे केल्यावर सुरू होण्यास पहिल्यांदा नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, कारण बायोस रॅमची जुळवणी नव्याने करतो. त्या काळात घाईने बटण दाबून संगणक बंद करू नये.

एसएमपीएस शेवटी घेतला आहे, पण त्याच्यावरचा संशय लहान नाही. १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या प्रवाहांत ५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. म्हणजे १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ या मर्यादेत असावी. जुना एसएमपीएस पंखे फिरवण्यापुरती वीज देतो आणि प्रोसेसरची मागणी वाढताच कोलमडतो. एसएमपीएस सुटा करून त्याच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधील हिरवी आणि काळी तार जोडून तो चालू करण्याची युक्ती बरेच जण सांगतात. तिच्यातून तो पूर्ण बंद पडला आहे की नाही एवढेच कळते. भार नसताना आलेल्या आकड्यांवरून तो भाराखाली टिकेल की नाही हे ठरवता येत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे. मदरबोर्डच्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी ४ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी असते, तीही घट्ट बसली आहे का ते पाहावे. ती सुटलेली असेल तर हुबेहूब आपल्यासारखीच लक्षणे दिसतात, पंखे फिरतात आणि पुढे काही घडत नाही. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर त्याच्या आतील, वीज साठवणारा कपॅसिटर ३०० व्होल्टहून अधिक भार धरून ठेवतो, आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ जीवघेणा असू शकतो.

इतके करूनही स्क्रीन काळीच राहिली, तर ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडावा आणि डिस्कच्या केबलीही सोडवाव्यात. प्रोसेसर, एक रॅम पट्टी आणि एसएमपीएस एवढ्यावर संगणकाला बायोसपर्यंत पोहोचता आले पाहिजे. येथे एक सावधगिरी हवी: इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते त्यांत, आणि त्या काळच्या रायझेनपैकी ‘जी’ नसलेल्या बहुतेकांत, ग्राफिक्सची सोयच नसते. तसा प्रोसेसर असल्यास कार्ड काढल्यावर चित्र येणार नाही, आणि ते न येणे हा बिघाडही नव्हे. अशा वेळी दुसरे चालू स्थितीतील कार्ड बसवून पाहावे. दुसरी रॅम, दुसरा एसएमपीएस आणि दुसरे कार्ड लावूनही काहीच फरक पडला नाही, मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर किंवा करपल्याच्या खुणा दिसल्या, तर आपल्या परिचितांचे निदान मान्य करण्याची वेळ आली असे समजावे.

स्क्रीनवर चित्र आले, पण पुढे बूट करण्यासाठी डिस्क सापडत नाही अशी सूचना दिसली, तर घाबरून जाऊ नये. सेटिंग्ज पुसली गेल्यावर असे होऊ शकते. बायोसमध्ये जाऊन डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर तिची केबल आणि वीजजोडणी तपासावी. दिसत असेल, तर बूटचा क्रम, सुरू होण्याची यूईएफआय (नवी) की लेगसी (जुनी) ही पद्धत, आणि डिस्कच्या जोडणीची, म्हणजे साटाची, सेटिंग पूर्वी एएचसीआय होती की रेड, या तीन ठिकाणी पाहावे. विंडोज ज्या पद्धतीने बसवलेली होती तीच परत निवडली की ती बहुधा निमूटपणे सुरू होते. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर संगणक ताबडतोब बंद करावा आणि दुरुस्तीची कोणतीही आज्ञा, विशेषतः विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्क, तिच्यावर चालवू नये. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर अशी तपासणी म्हणजे उरल्यासुरल्या फायलींवर घाला घालणेच होय. तिच्यावरील फायली डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडूनच काढून घ्याव्यात.

हे सर्व घरी करणे शक्य नसेल, तर संगणक कारागिराकडे न्यावा. त्यात कमीपणा काही नाही. मात्र शक्य असल्यास डिस्क काढून घरी ठेवावी, कारण काळ्या स्क्रीनच्या निदानासाठी तिची गरज नसते. द्यावीच लागली, तर ‘डिस्कवरील काहीही पुसू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. कोणता भाग बदलला, तो सदोष आहे हे कशावरून ठरवले, असे विचारावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा.

संगणक सुरू झाला की सर्वांत आधी प्रबंधाच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी कराव्यात, त्यांतली एक त्या घराबाहेर किंवा क्लाउडवर असावी. त्यानंतर रॅम तपासण्यासाठी विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक किंवा पेनड्राइव्हवरून चालणारे मेमटेस्ट८६ रात्रभर लावून ठेवावे. एकही चूक निघाली, तरी ती रॅम पुन्हा वापरू नये. पट्टी नव्याने बसवल्यावर संगणक चालू झाला म्हणजे ती निर्दोष झाली, असे होत नाही.

पुढच्या पत्रात मला तीन गोष्टी कळवाव्यात: नमलॉकचा दिवा लागतो-विझतो का, रॅम काढल्यावर बीप येतो का किंवा मदरबोर्डवर कोणता दिवा लागून राहतो, आणि पुस्तिकेवर किंवा मदरबोर्डवर छापलेले त्याचे मॉडेलचे नाव. त्यावरून बीपचा नेमका अर्थ आणि सीमॉसच्या पिनांची जागा मी आपल्याला सांगू शकेन.